पऱ्हाटीचा वापर : नाही

गोदाक्का गेल्याचं मला कुणा माणसानं सांगितलं नाही, मोबाइलनं सांगितलं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी परभणीला लेकीकडं होते. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यानं दिसतं ते अंधुक. नात जवळ येऊन बसली आणि फोन माझ्या नाकापाशी धरून म्हणाली, "आजी, ही तुझ्या गावची ना गं? चुलीवाली?" बघते तर गावच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली', दोन्ही बाजूला मेणबत्त्या, आणि मधे गोदाक्का. हातात चकचकीत पत्र्याची चूल धरून दात दाखवून हसणारी. आणि तिच्या डाव्या खांद्यावर कंपनीच्या छापाचं हिरवं पान, अर्धं कापलेलं… खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं. आधी किळस आली. त्या बाईचा दुसरा चांगला फोटो कुणाकडं नव्हता, म्हणून जाहिरातीतला कापून लावला, आणि कापणाऱ्याला तेही धड जमलं नाही. खाली जोडलेल्या हातांची रांग लागलेली. त्यात माझ्या लेकाचेही हात होते. ती परभणीच्याच दवाखान्यात गेली होती. लेकीच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. सहा दिवस ती तिथं होती आणि मी इथं गादीवर लोळत गाजराचा हलवा खात होते. "तुझ्या डोळ्याला ताण नको म्हणून सांगितलं नाही," असं लेक म्हणाला. डोळ्याला!

आता दीड महिना झाला. डोळा बरा आहे, दिसतं सगळं. म्हणून लिहायला बसले.

गोदाक्का आमच्या गावातल्या बुद्धविहारामागच्या गल्लीतली. स्वतःची जमीन नाही, नवरा लवकर गेलेला, एक मुलगा. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, तरी ती मला 'वैनी' आणि 'तुमी' म्हणायची, मी तिला 'गोदाक्का' आणि 'तू'. चाळीस वर्षं हे असंच चाललं आणि मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही, हेही इथं लिहून ठेवते.

आमचा भाग कापसाचा. उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी होऊन कापूस संपला, की वावरात नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, उभ्या राहतात. त्या उपटल्याशिवाय नांगर घालता येत नाही. आमच्याकडं रीत अशी की, जी बाई रान उपटून साफ करून देईल, पऱ्हाटी तिची. मालकानं मजुरी द्यायची नाही, तिनं मागायची नाही. त्याला रान मोकळं मिळतं, तिला वर्षाचं सरपण. कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कुणी मोडलेलंही नव्हतं. आमचं ओढ्याकडचं वावर गोदाक्काचं. म्हणजे सातबारा आमचा, पऱ्हाटी तिची.

मी नवी नवरी होते तेव्हा सासूबाईंनी मला ताक देऊन वावरात तिच्याकडं पाठवलं. मला वाटलं, बघू उपटून आपणही. दोन्ही हातांनी शेंडा धरून ओढला, तर शेंडा हातात आणि मी ढेकळात बसलेली. गोदाक्का पोट धरून हसली. "अवो वैनी, ती काय म्हशीची शेपटी हाय व्हय? बुडाला चिमटा लावा, अन् मग सगळं अंग टाका. तुमचं अंग हायच कितीसं म्हना!" चिमटा म्हणजे लांब दांड्याचं लोखंडी अवजार, बुंध्याला अडकवून दाबलं की मुळासकट पऱ्हाटी वर येते. तिचा तो चिमटा तिच्या सासऱ्याचा होता. त्या माणसानं बौद्ध झाल्यावर गावकीची सगळी कामं सोडली, कुणाच्या दारात भाकर मागायला जाणं सोडलं, आणि लोहाराकडून हा चिमटा करून घेतला. गोदाक्का सांगायची, "मामंजी म्हनायचे, आता घ्यायचं ते कामाचं घ्यायचं. दिलेलं घ्यायचं न्हाई."

हे ती नुसतं सांगत नव्हती. एका वर्षी माझे धाकटे दीर बांधावर उभं राहून सहज बोलून गेले, "गोदे, मजा आहे बुवा तुझी, फुकटचं जळण." तिनं चिमटा खाली ठेवला, डोक्यावरचं फडकं झटकलं आणि घरी निघून गेली. निम्मं रान तसंच उभं. दीर म्हणाले, दुसरी बघू. दुसरी कुणी येईना. सगळ्या गल्लीला कळलं होतं. शेवटी सासूबाई, ज्या कधी त्या गल्लीत गेल्या नव्हत्या, त्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. गोदाक्का आतूनच म्हणाली, "फुकटचं जळण न्यायला येत न्हाई मी. तुमच्या पोराला म्हनावं, घाल नांगर पऱ्हाटीतनं." दुसऱ्या दिवशी दीर स्वतः उपटायला लागले, तेव्हा कुठं ती आली. दुपारपर्यंत त्यांचे तळहात फुटले. तिनं बघून घेतलं आणि म्हणाली, "बसा आता भाऊजी. कळलं न्हवं? बसा."

मला शाळा नव्हती. मी अक्षरं शिकले लेकाच्या पहिलीच्या पुस्तकातून, तो शिकला की मागून मी. गावात लिहिता येणाऱ्या बायका तेव्हा दोन, त्यातली मी एक, आणि त्याचा अभिमान माझ्याहून गोदाक्कालाच जास्त. गोळ्यांची चिठ्ठी, रेशनचा कागद, मुलाचं पत्र, काहीही आलं की माझ्याकडं. मी वाचलं की विषय संपला, दुसऱ्या कुणाला ती विचारायची नाही. एसटी स्टँडवर सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायची, "वैनी, वाचा की जरा ती पाटी," आणि मी "मानवत" वाचलं की आजूबाजूला असं बघायची, जणू तिनंच मला शिकवलंय. पुढं बचतगट निघाला तेव्हा मला सचिव तिनंच केलं. "वैनी लिवत्यात," एवढंच म्हणाली, आणि झालं.

मग कंपनी आली. दोन वर्षं झाली असतील. ग्रामपंचायतीत सभा भरली, पंखे लावले, पेढे वाटले. एक कोवळा मुलगा आला होता, बोलायला लय गोड, प्रत्येकीला 'आजी' नाहीतर 'ताई'. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. लांब मोठ्या शहरात एक डेटा सेंटर आहे, तिथं जगाचे फोटो, व्हिडिओ, हिशेब, सगळं यंत्रांत साठवतात. त्या यंत्रांना अखंड वीज लागते. ती कोळशाची नको, हिरवी पाहिजे. म्हणून पऱ्हाटीची वीज. मानवतच्या अलीकडं कारखाना झालाय, तिथं पऱ्हाटी कुटायची, जाळायची, वीज करायची, ती तारेत सोडायची. शेतकऱ्याला भाव, गावाला विकास, हवेला शुद्धी. वर पऱ्हाटी लवकर निघाली की बोंडअळीही कमी होते. ते काही खोटं नाही, विद्यापीठवालेही तेच सांगतात.

गोदाक्का बायकांत मागं बसली होती. तिनं विचारलं, "दादा, यंत्राला येवढी वीज कशापायी लागती?"

"आजी, ती यंत्रं फार तापतात ना, ती थंडही ठेवावी लागतात. तुमचासुद्धा फोटो असेल तिथं!"

"माजा येकच फोटो हाय, आधार कार्डावरला, भुतावानी. त्यो थंड ठेवायला माजी चूल इझवायची व्हय?"

सभा हसली. तो मुलगाही हसला. मीही हसले. हसून सोडून दिलं सगळ्यांनी. तिनं मात्र सोडलं नाही, पुन्हा उभी राहिली. म्हणाली, "न्या पऱ्हाटी, माजं काई म्हननं न्हाई. वीज करा. पर उपटायचं काम आमालाच द्या. आन् त्यातली आमच्या चुलीपुरती आमाला ऱ्हाऊ द्या. आमचं बी चालंल, तुमचं बी चालंल." बघा, अक्षरओळख नसलेली बाई, आणि सगळा करार तिनं उभ्या उभ्या करून दाखवला. मुलगा वहीत काहीतरी टिपत म्हणाला, "छान सूचना आहे आजी. पुढच्या टप्प्यात नक्की विचार करू." तो टप्पा काही आला नाही.

आता माझं सांगते. कंपनीनं बचतगटाकडं एक फॉर्म दिला, गावाची माहिती भरायची. किती घरं, किती कापूस वगैरे. त्यात एक रकाना होता, 'पऱ्हाटीचा सध्याचा वापर'. भरायला मीच बसले, ओसरीवर, चष्मा लावून. त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या गावाला 'धूरमुक्त गाव' अशी पाटी मिळालेली. घरोघरी गॅस आला म्हणून सत्कार झाला होता, माझ्याही गळ्यात हार पडला होता. गोदाक्काच्या घरातही गॅसची टाकी होती. रिकामी. तिच्यावर ती पाण्याचा हंडा ठेवायची. मला सगळं माहीत होतं. पण वाटलं, 'सरपण' लिहिलं तर पाटी जाईल. लोक म्हणतील, या गावात अजून बाया काटक्या गोळा करतात. बाहेरची माणसं वाचणार, आपलं गाव मागास दिसायला नको… म्हणून मी लिहिलं, 'नाही'. माझ्या त्या वळणदार अक्षरात. खाली सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी सांगितलंही नाही. गावाची लाज झाकली असं मला वाटलं.

त्या हंगामात उलंगवाडी झाली आणि ओढ्याकडच्या वावरात ट्रॅक्टरला लावलेलं यंत्र आलं. लेकानं भाव ठरवला होता, मला संध्याकाळी सांगणार होता म्हणे. गोदाक्का नेहमीप्रमाणे चिमटा घेऊन आली, तर अर्धं रान भादरलेलं. ती यंत्राच्या पुढं जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला. मग तो कंपनीचा मुलगा आला, आम्हीही धावलो. तो पेढ्यासारखा गोड आवाज अजून तसाच. म्हणाला, "आजी, इथं कुणाचा हक्क डावललेला नाही. गावानंच लिहून दिलंय. हे बघा, पऱ्हाटीचा सध्याचा वापर, नाही." आणि कागद तिच्यापुढं धरला, वाचता न येणाऱ्या बाईपुढं.

तिनं कागदाकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. गावात बचतगटाचं कोण लिहितं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "तुमी लिवलं व्हय वैनी?"

मी म्हणाले, "सगळ्यांनी मिळून लिहिलं."

झालं माझं तेवढंच. तेवढंच जमलं मला. ती बाजूला झाली, यंत्र पुढं गेलं. परत येताना आम्ही दोघीच होतो वाटेत. तिनं विचारलं, "वैनी, 'नाही' लिवायला किती अक्षरं लागत्यात?" मी म्हणाले, दोन. "आन् 'आहे' लिवायला?" मी म्हणाले, तीही दोनच. "मग फरक काय पडला असता हो," म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

त्यानंतर कंपनीनं गावाचं भलं केलं. शाळेपुढं दोन बाकडी, त्यावर हिरवं पान. वेशीत कमान, त्यावर हिरवं पान. आणि गरीब बायकांना बिनधुराची चूल, फुकट. ज्यात लाकूड चालत नाही, काटकी चालत नाही, गोवरी चालत नाही. चालतात फक्त कंपनीच्या गोळ्या, करंगळीएवढ्या, पोत्यात येतात. कशाच्या असतील? पऱ्हाटीच्या! आमच्याच रानातल्या. पहिलं पोतं चुलीबरोबर मोफत, पुढची विकत. गोदाक्कानं ती गोळी हातावर घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "आगं बया, ही तर वळखीची निघाली." त्याच दिवशी तो फोटो काढला. फोटोवाला म्हणत होता, आजी हसा. ती हसेना. तेवढ्यात मागून कुणाची तरी शेळी येऊन त्याच्या पिशवीत तोंड घालायला लागली, आणि तिला हसू फुटलं. तो फोटो शेळीचा आहे, कंपनीचा नाही. पण छापताना खाली लिहिलं, 'धुरातून सुटका'. तो कागद कुठं कुठं गेला असेल… त्या लांबच्या शहरात कुणी बघून म्हणालंही असेल, वा, गावाचं किती चांगलं चाललंय.

पोतं संपलं. विकत घ्यायचं कशातून? चूल फळीवर गेली, तिच्यात ती लसूण ठेवायची. जुनी तीन दगडांची चूल पुन्हा मांडली. पण जाळायचं काय? पऱ्हाटी आमच्याच नाही, सगळ्यांच्याच वावरातून गेली. बाभळी होत्या त्या कधीच तुटल्या. सोयाबीनचं काड भुर्रकन जळतं, एक भाकर होत नाही. मग बायका मिळेल ते जाळायला लागल्या. बियाण्याच्या पिशव्या, खताची पोती, फाटक्या चपला, पाइपाचे तुकडे. संध्याकाळी त्या गल्लीवर काळा, चिकट धूर बसायचा. धूरमुक्त गाव!

दसऱ्यानंतर मी तिच्याकडं गेले होते. खोकत होती, पण जीभ तशीच. "या सचिवबाई," म्हणाली, "बसा हितं, वाऱ्याच्या अंगाला, न्हाईतर तुमच्या लुगड्याला वास लागंल." सून शीला भाकरी करत होती. गोदाक्कानं एक गरम भाकरी माझ्या हातात दिली, वर मिरचीचा ठेचा. मी घास घेतला. भाकरीला जळक्या प्लास्टिकचा वास होता. ज्वारीला तो वास, तव्याला तो वास, तिच्या पदराला तो वास. मला गिळवेना. ती बघत होती. मी उरलेली भाकरी पदरात घेतली, "घरी जाऊन खाते" म्हणाले. बाहेर येऊन गटारात टाकली. त्या घरात तीच भाकरी रोज तिन्ही माणसं खात होती, आणि मला एक घास गिळवला नाही. किळस मला त्या वासाची आली की माझी, हे अजून ठरत नाही. ती भेट शेवटची ठरली.

दवाखान्यात म्हणे छातीत पाणी झालं होतं, वय झालं होतं, दमा जुना होता. असेल. मी डॉक्टर नाही, आणि कुणाच्या अंगावर मरण ढकलण्याएवढी शहाणीही नाही. पण ती गेल्यानंतर आठच दिवसांनी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. "मावशी, तुमच्या गावातल्या त्या लाभार्थी आजी आहेत ना, त्यांचा नवीन व्हिडिओ करायचाय. उपलब्ध आहेत का?" मी म्हणाले, नाहीत. ती म्हणाली, "मग दुसरं कुणी सुचवाल? जरा हसरा चेहरा हवा." मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन चूळ भरली. लाभार्थी! चाळीस वर्षं जिनं आमचं रान साफ करून स्वतःचं जळण कमावलं, ती मेली लाभार्थी होऊन. तो शब्द तिला कुणी चिकटवला विचाराल, तर सुरुवात माझ्या अक्षरापासून होते.

कुणी म्हणेल, म्हातारी विजेच्या विरोधात आहे. नाही हो. हे मी मोबाइलमधला दिवा लावूनच लिहितेय. उन्हाची करा, पऱ्हाटीची करा, चांगलंच आहे. गोदाक्कासुद्धा 'करा'च म्हणाली होती. फक्त आधी विचारा, हे आत्ता कुणाच्या चुलीत आहे. आणि ते विचारताना माझ्यासारख्या सचिवबाईला विचारू नका, मागं बसलेल्या बाईला विचारा.

यंदा उलंगवाडी झाली तेव्हा लेक म्हणाला, "आई, यंत्र सांगून ठेवलंय." मी म्हणाले, "ओढ्याकडचं वावर माझ्या नावावर आहे, तिथं यंत्र घालायचं नाही." तो म्हणाला, "अगं, कोण उपटणार आता? मेली ना ती." त्याचं त्यालाच कळलं, खाली बघायला लागला. शीलाला निरोप मी स्वतः जाऊन दिला. ये, रान तुझ्या सासूचंच आहे.

परवा सकाळी ती आली. चिमटा घेऊन आली, पण बांधावरच थांबली. म्हणाली, "काकू, नेऊ का?" मला एकदम संताप आला. "इचारतीस काय गं?" असं ओरडले. तिला वाटलं मी नाही म्हणाले. "बरं काकू," म्हणून ती वळली आणि चालायला लागली. नुकताच बरा झालेला डोळा घेऊन मला ढेकळांतून तिच्यामागं पळावं लागलं. हाताला धरून आणलं. दुपारपर्यंत तिनं पाच ओळी उपटल्या, सरळ, स्वच्छ, एक बुंधा मागं ठेवला नाही. भारा बांधला. मी हात लावून डोक्यावर दिला आणि म्हणाले, "ही तुझी मजुरी आहे, उपकार नाहीत कुणाचे." ती "हो काकू" म्हणाली. मग इकडं-तिकडं बघून, आवाज खाली आणून म्हणाली, "तेवढं कुणाला सांगू नका, चोरली म्हणतील."

गोदाक्का असा भारा घेऊन भर वेशीतून जायची. "सरका रं, डोळं फुटतील कुनाचं तरी," असं ओरडत, पारावरच्या माणसांना उठवत. शीलानं तो रस्ता घेतला नाही. ओढ्यात उतरली आणि काठाकाठानं, वाकून गेली.